गावच्या लेकींचा मान

१० एप्रिल, शुक्रवार

आली! बंगळूरच्या रात्रीच्या गाडीनं, दोन पिशव्या आणि एक भली मोठी पिवळी छत्री घेऊन. थांडेका. वय बावन्न, गाव डर्बन, दक्षिण आफ्रिका. दोन वर्षं नुसती ईमेलवरची ओळख, आणि प्लॅटफॉर्मवर मिठी अशी मारली की माझा चष्मा तिच्या खांद्यावरच राहिला.

तिच्या पुस्तकाचा विषय – गोऱ्या-काळ्यांचं कुठल्या देशात कसं चालतं. डर्बन तिचं स्वतःचं. अमेरिकेत मेम्फिसला तीन वर्षं शिकवलं. मग ब्राझील. आता इथं. रिक्षात बसल्या-बसल्या म्हणाली, तिकडं सगळं रंगावरून कळतं. तुम्ही तर सगळे सारखेच दिसता, मग कोण कोण आहे हे ओळखता कसं? आयुष्यभर मी लोकांना प्रश्न विचारत आले. पहिल्याच वाक्यात मला असं कुणी गाठलं नव्हतं!

या भेटीवर माझी पाच लेखांची मालिका ठरली आहे. रविवार पुरवणीच्या नव्या संपादकानं आपणहून फोन केला – ‘पारमिताताई, तुम्हीच लिहा.’ निवृत्तीनंतर पहिल्यांदाच डोक्यावर तारीख आहे. झोप उडाली आहे आणि बरं वाटतंय.

आईनं थांडेकाला दारातच उभं करून पायापासून केसांपर्यंत बघितलं. मग हाताला धरून आत नेलं. नाव विचारलं, दोनदा म्हणून बघितलं आणि ‘थंडव्वा’ करून टाकलं. आई ब्याऐंशीची आहे. तिची चूक दुरुस्त करणारं या घरात कुणी नाही.

११ एप्रिल, शनिवार

दिवसभर बाजारात. गणपत गल्लीत पोरी फोटोसाठी मागं लागल्या. फुलं विकणाऱ्या एका बाईनं तर सरळ थांडेकाच्या केसांना हात लावून बघितला. मी ओशाळले. थांडेका म्हणाली, मेम्फिसच्या बायका आधी विचारतात आणि मग लावतात, ब्राझीलच्या आधी लावतात आणि मग विचारतात, इथं विचारायची भानगडच नाही. बरंय, वेळ वाचतो!

मग रसवंतीत बसून खूप बोलली. तिच्या लहानपणी डर्बनच्या समुद्रावर पाट्या होत्या. कुठली वाळू कुणाची ते लिहिलेलं असायचं. पाटी वाचायची आणि चालायला लागायचं. ब्राझीलमध्ये तशा पाट्या तिला कुठं दिसल्या नाहीत, तरी आपली जागा प्रत्येकाला पाठ. मग तुमच्या पाट्या कुठं आहेत, म्हणाली.

मी म्हटलं, जिभेवर. माणूस भेटला की आधी गाव विचारायचं. मग आडनाव. मग ‘गावात कुठल्या गल्लीला?’ तिसऱ्या प्रश्नानंतर चौथा लागत नाही.

तिनं ते लगेच लिहून घेतलं. मीही घेतलं – पहिला लेख इथूनच सुरू!

१२ एप्रिल, रविवार

आज जे झालं ते मी कधी विसरणार नाही.

थांडेकाला सिद्दी लोकांना भेटायचं होतं. खानापूरच्या पलीकडं रानात त्यांच्या वस्त्या आहेत. शेकडो वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेलं. आज ते आपल्यासारखंच मराठी, कोंकणी, कन्नड बोलतात. खानापुरातून आम्ही वडापच्या, म्हणजे सीटा भरल्या की सुटणाऱ्या, जीपमध्ये बसलो. थांडेका पुढं चढायला गेली तर ड्रायव्हर नीट बघतही नाही – ‘मागं सर गं. फुडं पाव्हणं बसत्यात.’

ती मला इंग्रजीत विचारते, काय म्हणतोय? झालं! जीपभर माना वळल्या. ड्रायव्हर खाली उतरला. कुठल्या ह्या, म्हणाला. मी म्हटलं, आफ्रिकेच्या. पुढं बसलेल्या एका मास्तरांना त्यानं खाली उतरवलं, गळ्यातल्या टॉवेलनं सीट पुसली आणि माझ्याजवळ येऊन अगदी मनापासून सांगितलं, ‘चुकलं आक्का. आपल्यातलीच कुणीतरी हाय असं वाटलं मला.’

हे वाक्य थांडेकाला भाषांतर करून सांगितलं तर ती इतकी हसली की जीप हलली. म्हणाली, पाच मिनिटं मी तुमच्या देशाची नागरिक होते!

परत येताना मात्र गंभीर होती. मेम्फिसमध्ये मी गल्लीत नवी होते तेव्हा लोक खिडकीतून बघायचे, म्हणाली. ओळख झाली तसं नमस्कार करायला लागले. जगात सगळीकडं असंच आहे. तुमच्याकडं उलटं. अनोळखी माणसाला खिडकीजवळची जागा, आणि ओळखीचा निघाला की मागं सर.

सिद्दी वस्तीतल्या म्हातारीनं तिला एकच विचारलं, ‘जेवलीस काय गं?’ दोघी एकमेकींचे हात हातात घेऊन बसल्या. मी वहीत काही लिहिलं नाही. लक्षात राहील.

१३ एप्रिल, सोमवार

महादेव आला होता. आमच्या दैनिकातला फोटोग्राफर. मी बातमी आणि तो फोटो अशी आमची जोडी होती. पुरात एकाच टपरीवर रात्र काढलेली, लाठीमारात एकाच पोलिसाचा मार खाल्लेला. त्याचं गाव गुंजी स्टेशनवरून आत, रानाच्या कडेला. एकवीस वर्षांनी तिथं लक्ष्मीची जत्रा भरते आहे, आणि कमिटीचे भरमूअण्णा म्हणतात, लेकींच्या साड्या आफ्रिकेच्या पाव्हणीच्या हातनं द्यायच्या.

लेकींचा मान म्हणजे काय, ते थांडेकाला नीट समजावून सांगितलं. लग्न होऊन बाहेर गेलेली गावची प्रत्येक लेक जत्रेला येते. जत्रेतल्या शुक्रवारी मांडवात माईकपाशी उभी राहते. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासरचं गाव सांगायचं नाही. फक्त बापाचं नाव आणि आपलं. मग साडी, नारळ. थांडेका तर उडालीच – याच्यासाठी मी जगभर फिरेन, म्हणाली.

आई आत पावट्याच्या शेंगा सोलत होती. तिथूनच तिनं विचारलं, ‘कुठलं गाव म्हणालास रं?’

महादेवनं नाव सांगितलं.

‘मग माझंबी म्हायार तेच की.’

महादेवला हे ठाऊक नव्हतं. आम्ही त्याच्या लेखी निपाणीचे, बौद्ध. तेवढं पुरत होतं. आईचं माहेर कुणी कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तो हसत म्हणाला, ‘व्हय काय मावशी? कुणाच्यातली?’

‘सत्याप्पाची गंगव्वा. हलगीवाल्या सत्याप्पाची.’

त्याचा चहाचा कप तोंडाशी तसाच राहिला. हलगी कुणी वाजवायची हे त्या गावात कुणाला शिकवावं लागत नाही. मग तो उन्हाबद्दल बोलला. जाताना चप्पल घालत म्हणाला, ‘बघतो मी, ताई.’

तो गेल्यावर आई म्हणाली, ‘मी गावची लेक न्हवं व्हय? मागल्या जत्रंला तुझा बा दवाखान्यात होता. फुडच्या जत्रंला मी न्हाय.’

मी म्हटलं, आई, आपण देवी सोडली की.

‘देवी सोडली. गाव कुठं सोडलंय?’

अक्काताईला फोन केला. ही आईची भाची, नवरा गेल्यावर माहेरी परतलेली, त्याच गावात आंबेडकर गल्लीत राहते. तिनं सांगितलं – त्यांच्या गल्लीतली एकही लेक आजवर त्या माईकपाशी गेलेली नाही.

१४ एप्रिल, मंगळवार

निपाणी. जयंती! थांडेका मिरवणुकीत दीड तास नाचली. निळा फेटा बांधून घेतला. बायकांनी तिला सोडलंच नाही.

रात्री बुद्धप्रियच्या घरी जेवण. माझा धाकटा भाऊ, वकील. आईचं ऐकून त्यानं ताट सरकवलं. आवाज चढवला नाही, तो कधीच चढवत नाही. ‘आज्जाचे हात हलगी वाजवून फुटले तिथं. आणि आई तिथंच साडी मागाय जाणार काय गं आक्का?’

‘मागाय न्हाय,’ आई म्हणाली. ‘नाव सांगाय जाणार हाय.’

तंबाखूच्या वखारीत आईनं आमच्यासाठी फुफ्फुसं जाळून घेतली, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. तिच्याशी वाद घालायला जीभ धजत नाही.

काय चाललंय ते थांडेकानं विचारून घेतलं. मग तिनं तिच्या आईची गोष्ट सांगितली. चौऱ्याण्णव सालचं पहिलं मतदान. तिची आई पहाटेपासून रांगेत. पुढं, चार बायका सोडून, ती जिच्या घरी धुणीभांडी करायची ती गोरी बाई उभी. बाईनं मागं वळून बघितलं आणि पुन्हा पुढं बघितलं. ‘आईला मत कुणाला दिलं ते नंतर आठवत नव्हतं,’ थांडेका म्हणाली. ‘रांग आठवत होती.’

बुद्धप्रियनं सरकवलेलं ताट पुन्हा पुढं ओढलं. मग म्हणाला, ‘ती रांग सरकारच्या दारातली होती. ही देवीच्या दारातली हाय. फरक हाय.’

बरोबर आहे त्याचं. आईचंही बरोबर आहे. पण मला काय हवंय, ते आज मला पक्कं कळलं – त्या माईकमधून माझ्या आज्जाचं नाव यायला हवं.

१५ एप्रिल, बुधवार

पहिला लेख गेला. संपादक खूश. महादेवचा फोन नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार

महादेवचा फोन आला. आवाजावरूनच कळलं, कमिटीला विचारून आलाय. म्हणाला, आंबेडकर गल्लीच्या लेकींनासुद्धा साड्या आहेत यंदा. पहिल्यांदाच! समाजमंदिरात देणार. त्याच दुकानातल्या, त्याच किमतीच्या, काठसुद्धा तोच. दिवस तोच, टाइम तोच.

‘मग फरक काय ऱ्हायला, ताई?’

मी विचारलं, फरक नाही तर जागा दोन कशाला?

‘मी कमिटीत न्हाय, ताई.’ फोन ठेवला.

थांडेकाला सांगितलं तर तिनं हातातला चमचा खाली ठेवला. ‘वेगळं, पण सारखं. अमेरिकेच्या कोर्टानं हेच म्हटलं होतं. अर्धं शतक चाललं ते. तिथं शाळेला होतं, नळाला होतं. साडीला पहिल्यांदाच ऐकतेय.’ मग खूप चिडली. जाणारच नाही म्हणाली. आत्ता फोन लावून सांगते म्हणाली.

आम्ही काय बोलतोय ते आईनं विचारलं. सांगितलं. तिनं शांतपणे पदरानं चष्मा पुसला.

‘थंडव्वा, तू जा. तू न्हाय गेलीस तर मला साडी कोण देणार?’

मी भाषांतर करून सांगितलं. थांडेकानं आईच्या कपाळावर ओठ टेकवले. ठरलं! आई जाणार. समाजमंदिरात नाही, मांडवात.

१९ एप्रिल, रविवार

आई स्वयंपाकघरात उभी राहून बापाचं नाव घेते. ‘पोचाय पायजे मागपर्यंत.’ शेजारच्या बाईंनी काळजीनं विचारलं, मावशींना बरं नाही का?

२३ एप्रिल, गुरुवार

उद्या. तीन लेख लिहून तयार आहेत. चौथ्याला जागा मोकळी ठेवली आहे. 

२४ एप्रिल, शुक्रवार

खूप उशीर झाला आहे. तरी आत्ताच लिहायचं!

गाव भंडाऱ्यानं पिवळं झालेलं. घराघरांत पाव्हणे; रस्त्यावरून चाललं की दारातली माणसं हाताला धरतात – जेवून जावा. आम्हालासुद्धा धरलं. कुणाला आम्ही कोण ते माहीत नव्हतं. थांडेका माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, खिडकीची जागा!

आधी अक्काताईकडं गेलो. तिच्या गल्लीतल्या लेकी नटून समाजमंदिराकडं निघाल्या होत्या. अक्काताई आईला म्हणाली, ‘आत्ती, आमच्यासंगं चल की.’ आई म्हणाली, तू हो फुडं.

मांडव खचाखच. थांडेका स्टेजवर, कोपरापर्यंत भंडारा. भरमूअण्णा माईक धरून. एकेका गल्लीतल्या लेकी येत होत्या. दोन हातांनी साडी द्यायची, वाकून नमस्कार करायचा – थांडेकानं दहाव्या साडीपर्यंत सगळं उचललं. एक सत्तरीची बाई बापाचं नाव घेतानाच हुंदके द्यायला लागली, पुढं बोलवेना. बायका हसल्या आणि रडल्या. मीही. मान खराच मोठा आहे. तेवढ्यासाठीच तर आलो होतो.

शेवटची गल्ली झाली. भरमूअण्णांनी आभार मानायला सुरुवात केली. आई उठली.

मी तिच्या मागं होते. मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपासून स्टेजपर्यंत ती एकदाही थांबली नाही. भरमूअण्णांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि माईककडं बघत राहिली. त्यांनी माईकवर तळवा ठेवला. आवाज मऊ, वागणंही वाईट नाही. ‘मावशी, तुमचं तिकडं हाय. समाजमंदिरात.’

‘म्हायार हितं हाय माझं,’ आई म्हणाली.

पुढच्या दोन-तीन रांगांनी ऐकलं. कुजबुज. मागून एक गडी म्हणाला, ‘कोण रं ती?’ भरमूअण्णांचा हात माईकवरून हलेना. तेव्हा महादेव, स्टेजच्या कडेला एका गुडघ्यावर बसलेला, डोळ्यावरचा कॅमेरा न काढता बोलला.

‘भरमूअण्णा, फोटो घ्यायलोय मी. हात दिसतोय बघ माईकवरचा.’

हात निघाला.

‘सत्याप्पाची गंगव्वा!’ आई म्हणाली. काय आवाज! मग जरा थांबून, कुणाला शंका राहू नये म्हणून – ‘हलगीवाल्या सत्याप्पाची.’

भरमूअण्णांनी स्टेजवरच्या बाकीच्यांकडं बघितलं. मग बायकांच्या गर्दीतून एक म्हातारी काठी टेकत उठली. ‘गंगी काय गं ती? अगं शेणकुटं येचाय आपुन बरोबर जायचो की. मेलीस असं ऐकलं हुतं मी.’ ‘मी बी तुझं तेच ऐकलं हुतं,’ आई म्हणाली. आणि मांडव हसला! ताण असा सुटला, जशी दोराची गाठ सुटते. थांडेका स्टेजवरून खाली उतरली, दोन्ही हातांनी साडी दिली आणि आईपुढं इतकी वाकली की पिवळे हात जमिनीला लागले. मग टाळ्या. पहिली टाळी भरमूअण्णांची. मी डोळ्यांनी बघितली.

पेन हातात होतं. एक अक्षर लिहिलं नाही.

२५ एप्रिल, शनिवार

थांडेका सकाळी दिल्लीला गेली. जाताना म्हणाली, मी जिथं जिथं गेले तिथं आधी कायदा बदलला, मग कुरकुरत माणसं. इथं कायदा कधीचाच बदललाय आणि माणसं काल बदलली, ती एका म्हातारीनं बदलली. हेच शेवटचं प्रकरण. पिवळी छत्री आईला देऊन गेली.

चौथा लेख एका बैठकीत लिहिला. मथळा – ‘रेघ पुसली’. मी असले मथळे देत नाही, तरुण वार्ताहरांचे असले मथळे मी कापत आले. पण दिला! संपादकाचा फोन: पुरवणीच्या पहिल्या पानावर घेतो, महादेवचा फोटो अर्ध्या पानावर. परवा पान लागेल. महादेवला फोन केला तर तो म्हणाला, ‘ताई, ते वाक्य कसं निघालं तोंडातनं, मलाच कळंना.’

काल रात्री मोबाइलवर फोटो पाठवला होता, त्यावर बुद्धप्रियचा फोन. ‘फोटो बघितला, आक्का.’  मग, ‘आईला दे.’

आई साडी उशाशी घेऊन झोपली आहे.

२६ एप्रिल, रविवार

सकाळी अक्काताईचा फोन. शुक्रवारी त्या सगळ्या समाजमंदिरात दिवे लागेपर्यंत बसून राहिल्या. साड्या आल्याच नाहीत. काल विचारायला गेल्या तेव्हा कमिटीचं उत्तर मिळालं – ‘तुमच्यातल्या एकीला मांडवात मान दिला न्हवं? मग झालं की तुमचं.’

संपादकाला फोन करून लेख परत घेतला. तो म्हणाला, ताई, तुम्ही? म्हटलं, हो, मी.

त्या लेकी आपापल्या सासरी परतल्यात, पण जत्रा बुधवारपर्यंत आहे. आई ती साडी नेसून दारात बसली आहे. ‘गाडी मोठी सांग,’ म्हणते. ‘मांडवात जायाला समद्या जणी बसाय पायजेत.’